हंगेरीच्या दारावरची शेवंती

प्रिय बाबा,

उद्या सकाळी मी निघते आहे. दादा परतवाड्यापर्यंत सोडणार, तिथून अमरावती, मग नागपूर आणि पुढे विमान. पुन्हा एक मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन, पुन्हा परका देश, आणि तुम्ही हसाल, पुन्हा हंगेरीचंच दालन! एवढ्या वर्षांत तुमच्या पोरीत काही सुधारणा नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला विचारल्याशिवाय बॅग बंद होत नाहीये, म्हणून हे पत्र. खरं तर फोनच करायचा होता. तुम्ही जाऊन पाऊसकाळ उलटला, तरी बोट अजून तुमच्याच नावावर जातं. परवा तर लागलासुद्धा. आईनं उचलला, "हालो, कोन?" म्हणाली, आणि शेजारच्या खोलीतून मी म्हटलं, "आई, मीच." मग आम्ही दोघी थोडं हसलो, थोडं रडलो.

झालंय असं, की मार्ता नेनीचा फोन आला होता. नेनी म्हणजे त्यांच्याकडं मावशी, तुमची मार्ताबाई हो! ती सिंबलॉम हे वाद्य वाजवणारी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवणारी म्हातारी. ती म्हणाली, "या वेळचा हार तुझ्या बाबांच्या नावाचा. आणि तो तूच ओवायचा. दुसऱ्याच्या हातचा चालणार नाही."

मी! शेवंतीचा हार! लहानपणी तुम्ही सुई हातात दिली की "मले अभ्यास हाय" म्हणून पळणारी मी! फुलं तिथल्या बाजारात मिळतील, पण हात इथूनच न्यावे लागणार. सुई-दोरा तुमचाच न्यायचा, हेही मी ठरवलं. पण तुमच्या डब्यात सुया दोन आहेत, बाबा. एक लग्नाच्या हारांची, एक मयताच्या हारांची. त्यातली कोणती घेऊ?

बघा, केवढा प्रश्न आहे हा! दुसऱ्या कुणाला सांगितला तर वेड्यात काढतील. पण लग्नाच्या टोपलीत मयताची सुई सापडली म्हणून तुम्ही घर डोक्यावर घेतलं होतं, ते मी पाहिलंय. अख्खी टोपली परत ओवायला लावलीत. आई तेव्हा दोन दिवस तुमच्याशी बोलली नव्हती.

मी नक्की काय काम करते, हे तुम्हाला सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस यायचा. अमरावतीला शिकताना नाटकांच्या पडद्यामागं धावपळ केली, त्याच जोरावर दुबईच्या एका कंपनीत लागले. तिथल्या प्रदर्शनात देशोदेशींची दालनं असतात, प्रत्येक देश आपलं गाणं-बजावणं आणि कला मांडतो, आणि हंगेरीचं दालन माझ्याकडं आहे, असं मी सांगायची. कोणत्या भिंतीवर त्यांचं फुलांचं भरतकाम लावायचं, कोण कधी वाजवणार, नाचणाऱ्यांचे ते लांब बूट कुठं ठेवायचे, सगळं मी बघते, हेही सांगायची. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात आणि मग तुमचं ठरलेलं वाक्य यायचं.

"म्हंजे गानं हंगेरीचं, जागा दुबईची, अन् राबून राहिली अचलपूरची पोट्टी! हे कसं काय व?"

"नोकरी आहे, बाबा."

"नोकरी हाय ते समजलं. पन आपल्या वऱ्हाडाचं काहून नाही मांडत तू? आपल्या इकडं का गानं नाही, का वाजवनं नाही? लोकायच्या लेकराले पावडर लावून राहिली, अन् आपलं लेकरू तसंच शेंबडं!"

बोचायचं हो ते!  रागानं मी फोन ठेवायची आणि दिवसभर मनातल्या मनात तुमच्याशी भांडायची. शेवटी म्हटलं, यांना एकदा आणूनच दाखवावं. तुम्ही ते दालन बघावं आणि एकदा, फक्त एकदा म्हणावं की मंजे, हे काम आहे बरं. जगातल्या सगळ्या पाहुण्यांनी वाहवा केली असती तरी त्याची भरपाई झाली नसती. मला तुमचंच पाहिजे होतं.

आणि तुम्ही आलात! विमानतळावर पांढरा पायजमा-सदरा, डोक्यावर टोपी, आणि हातगाडीवर दोरीनं आवळलेलं ते अजस्र खोकं. मी विचारलं, "काय आणलं?" तर म्हणालात, "लेकीच्या इथं कार्यक्रम, अन् बाप का रिकाम्या हातानं येईन?" ओल्या फडक्यांत आणि केळीच्या पानांत गुंडाळलेली आपल्या वावरातली शेवंती! पिवळी आणि पांढरी. कशी आणू दिली तुम्हाला विमानतळावरच्या लोकांनी, देव जाणे. तुम्हाला विचारलं तर म्हणे, "त्या साहेबाले झाकन उघडून दाखवलं. तो हसला. मी बी हसलो. झालं."

त्या संध्याकाळी तालमीला नेलं होतं तुम्हाला. मार्ता नेनी सिंबलॉमवर बसली होती. आपल्या संतूरचीच थोरली बहीण ती, चार पायांच्या मेजाएवढी. कापूस गुंडाळलेल्या दोन काड्यांनी वाजवतात. तुम्ही आधी त्या काड्यांकडंच बघत राहिलात. सुरुवात संथ झाली, एकेक सूर ओढून धरलेला, आणि तुमची जांभई मी चोरून पाहिली. मग व्हायोलिनं आली, लय चढत गेली, नाचणाऱ्यांनी बुटांवर थापा मारायला सुरुवात केली आणि तुम्ही खुर्चीच्या कडेवर आलात. "अव, हे तं आपल्या खंजिरी भजनावानी हाय! पयले सावकाश, अन् मंग दनदन दनदन!" एवढ्या मोठ्यानं बोललात की व्हायोलिनवाल्यानं मान वळवली. मला वाटलं, झालं! जिंकले मी! पण बाहेर आल्यावर पुन्हा तेच. "चांगलं हाय. पन हाय लोकायचं."

आणि मग उद्घाटनाची सकाळ. 

तुम्ही आमच्या सगळ्यांच्या आधी उठून दालनाच्या दारात पोचलात. पहारेकऱ्याशी हिंदीत दोस्ती केलीत, त्याची शिडी मागून घेतलीत, आणि आम्ही येईपर्यंत हंगेरीच्या अख्ख्या दाराला शेवंतीचं तोरण! दोन्ही खांबांना हार, वर पिवळी-पांढरी झालर, आणि एका ताटात प्रत्येक वाजवणाऱ्यासाठी वेगळा हार गुंडाळून ठेवलेला. मी तर बघून हरखलेच! आपल्याकडं असं तोरण बघून लोक थांबून थांबून फोटो काढतात.

पण माझ्यामागून आलेली हंगेरीची मंडळी जागच्या जागी उभी राहिली. कुणी पुढं येईना. नाचणाऱ्या एका पोरीनं तर तोंडावर हात ठेवला.

तुम्ही शिडीवरून खाली बघून म्हणालात, "काय व मंजे, हे लोक मयतीले आल्यावानी काहून उभे हायेत?"

तेवढ्यात हंगेरीच्या मुख्य साहेबांनी मला बाजूला घेतलं. चेहरा पांढराफटक. म्हणाले, शेवंती आमच्याकडं स्मशानातली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमचा मृतांचा दिवस असतो, तेव्हा प्रत्येक कबरीवर हीच फुलं. जिवंत माणसाच्या हातात आम्ही ती देत नाही. संध्याकाळी आमचे बडे पाहुणे येणार आहेत, हे आत्ताच्या आत्ता उतरवायला हवं.

इतके महिने मी त्यांच्याबरोबर काम केलं होतं, त्यांची भाषा शिकले होते, त्यांच्या भरतकामातलं फूल न् फूल पाठ होतं, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. आता तुम्हाला मराठीत कसं सांगायचं? जो माणूस मयताची सुई लग्नाच्या हाराला लागू देत नाही, त्यानं सगळ्या मंडपाला मयताची फुलं बांधली आहेत, हे मी कोणत्या तोंडानं सांगायचं?

सांगितलं. तुम्ही शिडीवरच डोळे मिटलेत. मग खाली उतरलात, टोपी काढलीत आणि त्या सगळ्यांसमोर हात जोडलेत. "माझ्याच्यानं अपशकुन झाला. मले मालूम नव्हतं. तुमी मनात धरू नका." ते मी त्यांच्या भाषेत सांगत होते. इतकी वर्षं मला वाटायचं की तुमच्यापुढं माझं काम कमी पडू नये. त्या क्षणी वाटलं, माझं काम गेलं खड्ड्यात, माझ्या बापाला यांनी असं उभं करू नये.

तुम्ही कोणाला हात लावू दिला नाहीत. एकेक हार स्वतः उतरवलात, दोरा न तोडता. कचऱ्याचा डबा आणून ठेवला होता कोणीतरी, त्याकडं बघितलंही नाहीत. सगळी फुलं त्याच खोक्यात भरून रंगमंचामागं जाऊन बसलात, भिंतीला पाठ टेकून. मी जवळ आले तर म्हणालात, "तू जाय, तुले काम असन." मी कशाची जाते!

तेव्हा मार्ता नेनी आली. गुडघे धरत धरत तुमच्या शेजारी जमिनीवर बसली. मला म्हणाली, तू फक्त सांगायचं काम कर, मधे बोलू नको.

तिनं सांगितलं की ते सिंबलॉम तिच्या नवऱ्याचं आहे. या प्रदर्शनात तोच वाजवणार होता, नाव ठरलं होतं, कपडे शिवून झाले होते, आणि त्याआधीच तो गेला. मग त्याच्या जागी ती आली. "सकाळी दारात ही फुलं बघितली," ती म्हणाली, "आणि मला वाटलं, इथं एवढ्या लोकांत कोणालातरी तो आठवला." मग तिनं खोक्याकडं बोट दाखवून विचारलं, "यातला एक हार मिळेल का?"

 मग मला हळूच म्हणालात, "तिले सांग, हे लग्नाच्या सुईनं ओवलेले हायेत. मयताची सुई घरी राहिली."

मी सांगितलं. ती म्हणाली, "बरंच झालं. त्याला लग्नंच फार आवडायची. आयुष्यभर लग्नांतच तर वाजवलं त्यानं!"

आणि तुम्ही हसलात, बाबा! डोळ्यांत पाणी आणि हसलात. पांढऱ्या शेवंतीचा सगळ्यात भरगच्च हार निवडलात, स्वतः जाऊन त्या वाद्याच्या पुढच्या कडेला बांधलात, काड्यांना अडणार नाही असा. मग खोक्यातलं एक सुटं फूल उचललंत. आपल्याकडं देवाला जाणारं फूल हुंगत नाहीत, त्यामुळं सगळी हयात फुलांत काढूनही तुम्ही कधी फूल नाकाशी धरलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी म्हणालात, "आता हे देवाले तं जात नाही. हुंगून पायतो." आणि डोळे मिटून खोल श्वास घेतलात. "कडवट हाय व! पन बरं वाटते." ते फूल मग मार्ता नेनीला दिलंत. तिनंही हुंगलं.

त्यानंतर तुमच्या अंगात जे वारं शिरलं, ते आवरता आवरेना. "दार बोडकं ठेवू नका," म्हणून मागंच लागलात. साहेब घड्याळ बघून हैराण! मार्ता नेनीनं मग फोनवर तिच्या गावचा फोटो दाखवला: शरद ऋतूतली पांढरी घरं आणि त्यांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या लांबच लांब माळा, वाळत टाकलेल्या. फोटो बघून तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "मिरच्या? मिरच्या ओवाच्या हायेत? थांब, आता दाखवतो यायले!"

दुबईच्या किराणा दुकानांतून मी पोतंभर वाळल्या लाल मिरच्या आणल्या. तुम्ही, मी, मार्ता नेनी आणि ती तोंडावर हात ठेवणारी पोरगी, सगळे देठातून दोरा ओवत बसलो. मला एक माळ धड जमेना, म्हणून तुम्ही मला शिंका मोजायला बसवलंत! सगळ्यांच्या नाकातून पाणी, आणि कोणीही डोळ्याला हात लावला की तुमचा आरडाओरडा. "लावू नका! लावू नका म्हनतो ना!" हे मात्र मला कोणालाच भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी त्या लालभडक दारात तुम्ही उभे होतात. येणारे पाहुणे तुमच्याबरोबर फोटो काढत होते. एका बाईनं इंग्रजीत विचारलं, "तुम्ही हंगेरीचे कलाकार का?" तुम्हाला हंगेरी तेवढं कळलं. छाती काढून म्हणालात, "यस. अचलपूर."

आणि कार्यक्रम! मार्ता नेनीनं संथ सूर लावला, शेवंतीचा हार हलला, आणि लय चढू लागली तशी तुमची बोटं गुडघ्यावर खंजिरी वाजवू लागली. टाळ्या संपायच्या आत तुम्ही माझ्याकडं वळलात. 

"मंजे," म्हणालात, "आपन तरी काय करतो व? लोकायच्याच लग्नाचे हार ओवतो. आपल्या घरी लग्न कितीक असते? पन लोकायच्या घरचं सुख-दुःख समजून ओवावं लागते, नाही तं असा घोय होते, माझ्यावानी." मग खिशातून रुमाल काढून नाक पुसलंत, मिरच्यांमुळंच असेल. "चांगलं काम हाय तुहं. कर."

बाबा, एवढ्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली आहेत.

परत गेल्यावर तुम्ही किती ठिकाणी काय काय सांगितलं, ते मला आत्ता कळतंय. तुमच्या तेराव्याला आले तेव्हा अकोल्याचे मामा सांगत होते, की तुम्ही त्यांच्याकडं मिरचीच्या माळा घेऊन गेलात आणि म्हणालात, "हे हंगेरीचं हाय, दाराले लावा." आता त्यांच्या अख्ख्या गल्लीत लावतात म्हणे! मला मात्र फोनवर एवढंच, "जेवली का? झोप." मला का नाही सांगितलंत हो? छातीत दुखत होतं तेही सांगितलं नाहीत. वावरातून आलात, पाणी मागितलंत आणि गेलात. मी पोचले तेव्हा दादानं हार घातलेला होता. त्यानं तो मयताच्या सुईनं ओवला होता, तुमच्या शिस्तीप्रमाणं. मी तुमच्यावर थोडी रागावलेच आहे, ते इथं लिहून ठेवते.

तुमच्या त्या घोळातून हंगेरीवाल्यांत एक रीतच पडली. दर प्रदर्शनात दाराला मिरच्यांच्या माळा आणि सिंबलॉमला शेवंतीचा एक हार, आपल्यातल्या कुणी नुकत्याच गेलेल्या माणसाच्या नावानं. या वेळी ते नाव तुमचं आहे. भर मंडपात, बड्या पाहुण्यांसमोर, हंगेरीच्या गाण्याच्या मधोमध अचलपूरचा माणूस! आपल्या वऱ्हाडाचं काहून नाही मांडत म्हणून भांडायचात ना? घ्या!

आज दिवसभर वहिनीजवळ बसून ओवायला शिकले. सुई फुलाच्या मागच्या हिरव्या देठातून घालायची, पाकळी दुखवायची नाही, दोरा ओला ठेवायचा. पहिला हार वाकडा झाला, दुसऱ्यात फुलं विरळ, तिसरा बघून वहिनी म्हणाली, "आता जरा हारावानी दिसून राहिला." सुया टोचून बोटांची चाळणी झाली आहे. हे तुम्ही रोज करायचात!

आणि सुयांचं शेवटी आईलाच विचारलं. डबा तिच्यापुढं उघडला आणि म्हटलं, कोणती नेऊ? ती इतक्या दिवसांत तुमच्या डब्याला हात लावत नव्हती. तिनं लग्नाची सुई उचलली, पदराला पुसली आणि माझ्या हातात दिली. "मंडपात चालला ना तो हार? मंडपात मयताची सुई नसते. मीच बोलनी खाल्ली होती त्याच्यापायी, मले नाही मालूम?" मग बाहेर गेली आणि कितीतरी वेळानं आली.

आता बॅग बंद करते. तुम्हाला शब्द देते, बाबा: हार मी स्वतः ओवीन, भरगच्च ओवीन, आणि मार्ता नेनीच्या काड्यांना अडणार नाही असा बांधीन. फक्त त्यातलं एक फूल, बांधण्याआधी, मी हुंगणार आहे. इथं सगळे म्हणतात की तुम्ही आता देव झालात. होऊ दे त्यांच्यासाठी. माझ्यासाठी नाही झालात.

बोटं टोचलेली आणि तुमच्यावर अजून थोडी रागावलेली,
तुमची मंजी